शेवटचं कडवं

लातूरकर : ताई, भीमगीतांबद्दल तुम्ही वापरलेल्या एका शब्दापाशी मी अडलोय. 'दुर्लक्षित'. दुर्लक्षित म्हणजे कुणाकडून? वामनदादा कर्डकांचं एकही गाणं ठाऊक नाही अशी वस्ती मला नांदेडात दाखवा. आमच्या लातूरला १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, पहाटेपासून जी गाणी लागतात त्यांतली कितीतरी त्यांची, आणि उरलेली त्यांच्या वळणाची. ज्याचं गाणं रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे त्याला दुर्लक्षित म्हणायचं, तर माझ्या ख्याल गाणाऱ्या मित्रांना काय म्हणायचं? जन्मभर रियाज करून त्यांना गल्लीपलीकडं कुणी ओळखत नाही. तुमचं खरं दुखणं वेगळं आहे. संगीतावर लिहिणारे लोक या गाण्यावर लिहीत नाहीत, हे ते दुखणं. ते रास्त आहे. मग तसंच म्हणा. दुर्लक्षित म्हटलं की ऐकणारा आधी हळहळतो आणि मग ऐकतो, आणि हळहळत ऐकलेलं गाणं कानात नीट शिरत नाही. शाळेत संगीत शिकवताना मी हे फार पाहिलं. गरिबाघरचं पोर स्पर्धेत गायला उभं राहिलं की परीक्षक त्याच्या सुरांकडं बघायचं सोडून सदऱ्याकडं बघायचे. मार्क भरपूर द्यायचे, पण ते सुराला दिलेले नसायचे. पोरालाही ते कळायचं.

नांदेडकर : हळहळ मलाही नको, सर. पण 'सगळ्यांच्या तोंडी' म्हणता, तिथूनच माझं म्हणणं सुरू होतं. तोंडी गाणं आहे, ते केलं कुणी हे तोंडी नाही. वामनदादांचं नाव तरी राहिलं. मी आत्माराम साळव्यांचं विचारते. माजलगाव तालुक्यातलं भाटवडगाव, १९५३ चा जन्म. दलित पँथरमध्ये आले, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याचे शाहीर झाले. स्वतः रचायचे, स्वतः गायचे. गाण्यापायी खटले झाले, बंदी आली. १९९१ च्या जानेवारीत गेले तेव्हा चाळिशीही झाली नव्हती. ज्यासाठी घसा फोडला ते नामविस्ताराच्या रूपानं १४ जानेवारी १९९४ ला झालं, ते गेल्यावर तीन वर्षांनी. आता आमच्या नांदेडात मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्या पोरांना हे नाव विचारून बघा. या लढ्याची किंमत नांदेड जिल्ह्यानं जेवढी मोजली तेवढी फार थोड्यांनी मोजली असेल. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे १९७८ च्या ऑगस्टात इथंच मारले गेले. गौतम वाघमारेंनी २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडातच स्वतःला पेटवून घेतलं. ही नावं दरवर्षी घेतली जातात, घेतलीच पाहिजेत. पण त्या सोळा वर्षांत माणसं ज्या गाण्यांच्या बळावर रस्त्यावर उभी राहिली, ते गाणं कुणाचं म्हणून विचारलं की समोरचा म्हणतो, "कुणाचं काय माहीत, चळवळीचंय." मला हे उत्तर सलतं.

लातूरकर : मला ते उत्तर सुंदर वाटतं. लोकगीत म्हणजे दुसरं काय असतं? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. तुमच्या साळव्यांच्याच माजलगावात, भीमनगरातल्या बायकांकडून बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित करून घेतल्या. त्यातली एक तरी बाई 'ही ओवी माझी' म्हणून हट्टाला बसली असेल असं मला वाटत नाही. ओवी जात्यातून पडते आणि पिठासारखी घरात मिसळून जाते. असो. नावाचा प्रश्न जरा बाजूला ठेवू, कारण मला मुळात संगीताबद्दल बोलायचंय. माझा कान औशाच्या चक्रीभजनात घडला, पुढं पेटीवर. त्या कानानं मी गायन पार्टी ऐकतो तेव्हा काय ऐकू येतं, ते सांगतो. ताल बहुतेक वेळा केरवा. दोन कडव्यांच्या मध्ये पेटी आणि बेंजो तीच ती ठरलेली फिरत वाजवणार. आणि चाल उसनी. वामनदादांनी ३ मे १९४३ ला पहिलं गाणं रचलं तेच मुळी हिंदी गाण्याच्या चालीवरचं विडंबन होतं, असं त्यांच्याच चरित्रात सांगतात. पुढं ही रीतच पडली. गाजलेलं फिल्मी गाणं घ्यायचं, शब्द आपले बसवायचे. मग मी दाद कशाला द्यायची? शब्दांना देतो, मनापासून देतो. पण त्याला कविता म्हणा. संगीत म्हणून त्याचं मोठेपण सांगू नका.

नांदेडकर : सर, नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर काय छापलेलं असायचं? 'चाल' म्हणून कुठल्यातरी दुसऱ्या गाण्याचा मुखडा. किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ चं. त्यात साकी आहे, दिंडी आहे, लावणीचं वळण आहे, कानडी चाली आहेत. 'मानापमान' १९११ चं. गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचे ढंग आणून बसवले. तिथं उसनी चाल म्हणजे रसिकता आणि आमच्या वस्तीतल्या मंडपात तीच उचलेगिरी? माझं गाऱ्हाणं तेवढंच नाही. चाल उसनी का घेतली ते बघा. वामनदादांना मुंबईत असताना कुणीतरी पत्र वाचायला दिलं आणि ते त्यांना वाचता आलं नाही. त्या लाजेतून ते अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले. पुढं त्यांनी ज्यांच्यासाठी गाणी केली त्यांतल्या कितीकांना अक्षर येत नव्हतं. त्यांच्या हातात छापलेला कागद देऊन उपयोग नव्हता. एका रात्रीत, एकदा ऐकून गाणं डोक्यात बसायला हवं होतं. चाल आधीच ओळखीची असली की कान चालीपायी अडत नाही, सगळा शब्दांकडं वळतो. घरी जाताना माणूस गाणं घेऊनच जातो. सकाळी बाई निंदायला गेली की वावरात तेच म्हणते. नवी चाल बांधायची अक्कल नव्हती म्हणून उसनी घेतली, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो मंडप बघितलेला नाही.

लातूरकर : मी बघितलाय. आणि तुम्ही म्हणता ते पटतं, पण तो सोयीचा मुद्दा झाला. चाल सोयीची होती, म्हणून ती संगीत म्हणून थोर ठरत नाही. मला एक तरी जागा दाखवा जिथं माझ्या कानाला थांबावं लागेल.

नांदेडकर : दाखवते. धृपद झालं, कोरसनं उचललं, ढोलकीनं ठेका धरला. आता कडवं. पहिली ओळ तालात. दुसरी तालात, यमक जुळलं, माणसं सैल बसलेली. तिसऱ्या ओळीला गायक हात वर करतो. ढोलकी बंद. पेटीचा नुसता सूर धरलेला. ती ओळ तो मोकळी म्हणतो, शेर म्हणावा तशी, शब्द तोडून तोडून. मंडपात कुणी खोकत नाही. ओळीच्या शेवटी तो थांबतो, आणि तीच ओळ परत म्हणतो, आता एक सूर वर. माणसांना चौथ्या ओळीचं यमक कळलेलं असतं, पण शब्द कळलेला नसतो. मग चौथी ओळ येते. तिचा शेवटचा शब्द तो स्वतः म्हणत नाही, सोडून देतो, तो मंडपातून येतो. त्याच मात्रेवर ढोलकी पडते आणि कोरस धृपदावर. माझे रोंगटे उभे राहतात सर, आज सांगतानासुद्धा. ती चौथी ओळ लोकांना पुरी करता येईल अशी बांधायची म्हणजे रचणाऱ्याला किती पुढचं दिसायला पाहिजे! शब्द फार ओळखीचा झाला तर यमक पोरकट होतं, फार अवघड झाला तर मंडप मुका राहतो. ही जागा रचणाऱ्यानं केलेली आहे, नुसत्या गळ्याची नाही. चाल दुसऱ्याची असेल, पण त्या चालीत थांबायचं कुठं हे त्यानं ठरवलं.

लातूरकर : थांबलो. ही जागा खरी आहे. अशीच एक मी सांगतो, कारण तुम्ही बोलत होता तेव्हा माझ्या डोक्यात ती घोळत होती. 'भीम' हा शब्द गायला अवघड आहे. ई हा स्वर बारीक, तोंड चिमटलेलं. शाहीर काळी चार, काळी पाचला गातो, तिथं वरच्या षड्जावर ई लांबवली की आवाज टोचतो, आणि पुढं म आला की ओठच मिटतात. म्हणजे गाण्यातला सगळ्यात मोठा शब्द गळ्याला सगळ्यात अडचणीचा. चांगला रचणारा काय करतो? जिथं लांबवायचंय तिथं तो 'भीमा' आणतो, 'बाबा' आणतो, 'रमा' आणतो. तिन्ही आकारान्त. तोंड उघडं, छाती उघडी. 'भीम' तो मधे ठेवतो, जिथं ताल पळता असतो आणि म वर ओठ मिटले की आपोआप थाप पडल्यासारखं होतं. हे कुणी त्यांना शिकवलं नसेल. पण ते ज्यांना साधतं आणि ज्यांना साधत नाही, त्यातला फरक मला पेटीवर बसल्या बसल्या कळतो.

आता याच्या पुढचं ऐका, कारण हे मी कौतुक करून सोडणार नाही. ढोलकी थांबवून शेर म्हणायचा, ओळ परत घ्यायची, एक सूर चढवायचा, हे सगळं कव्वालीचं आहे. टाळी कव्वालीची. दोन पार्ट्यांचा मुकाबला, सवाल-जवाब, त्यातही कव्वाली आहे, आपल्या कलगी-तुऱ्याच्या जोडीला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, कंधारच्या दर्ग्याच्या उरुसाला आपले आजे जात होते. ते आलं यात वाईट काहीच नाही. पण मग रचणाऱ्याचं स्वतःचं काय राहिलं? चाल सिनेमाची, बांधणी कव्वालीची, विषय सगळ्यांचा. तुम्ही एका माणसाचं नाव शोधताय, आणि मला तर एक मोठा ओढा दिसतो ज्याला दहा ठिकाणचं पाणी येऊन मिळालंय.

नांदेडकर : तुमच्या पेटीवर भूप आला तर तो कुठं तुमचा असतो? भूपातली तुमची जागा तुमची असते. इथंही तेच मोजमाप लावा, एवढीच मागणी आहे.

लातूरकर : लावतो. पण मोजमाप लावायचं म्हणजे कमी भरलं तर कमी सांगायचं. ते तुम्ही लावाल का? १४ एप्रिलला मी दिवसभर ऐकतो. दर दुसऱ्या गाण्यात सूर्य, दर तिसऱ्यात कोटी कुळं, लेखणी, निळं आभाळ. पदव्यांची यादी, तारखांची यादी. कुणी उठून म्हणत नाही की हे गाणं कच्चं आहे. ख्यालाच्या मैफलीतून उठून जाणारे मी पाहिलेत. 'आज लागला नाही' म्हणणारे पाहिलेत. कीर्तनातसुद्धा बुवाला लोक बोल लावतात. इथं कुणीच बोल लावत नाही. ज्या गाण्याला वाईट म्हणायची सोय नाही त्याला चांगलं म्हणण्याला काय वजन राहतं, ताई?

नांदेडकर : हा घाव बसला. उत्तर द्यायला मला जरा वेळ लागेल, कारण दोन गोष्टी एकदम खऱ्या आहेत. पहिली, आमच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून ऐकलेल्या गाण्याला कच्चं म्हणताना जीभ अडते. बाहेरच्यांनी या गाण्याला इतकी वर्षं गोंगाट म्हटलं की आतल्या माणसाला खोट काढायला जागाच उरली नाही. खोट काढली की वाटतं, त्यांच्या बाजूला जाऊन बसलो. दुसरी, तुम्ही म्हणता ती यादीची गाणी आहेत, भरमसाट आहेत, आणि आम्हाला ती घरात ओळखू येतात. माझी आई ऐकलेली गाणी वहीत उतरवून ठेवायची. ती म्हणायची, "ह्या गाण्यात माणूसच नाही." एवढंच म्हणायची. नुसत्या पदव्या आल्या, घटना आली, विलायत आली, पण भाकर थापणारी बाई नाही आली, फाटकं लुगडं नाही आलं, पाण्याची घागर नाही आली, तर ते गाणं तिच्या वहीत जात नव्हतं. ज्या गाण्यात घरातली बाई बोलते, आपल्या तोंडानं हिशेब सांगते की काल काय होतं आणि आज काय आहे, ते ती दोन-दोनदा लिहायची. म्हणजे बोल लावणारं माणूस होतं. फक्त ते मंडपात बोलत नव्हतं, वहीत बोलत होतं.

औरंगाबादच्या कडुबाई खरात तुम्ही ऐकल्या असतील. एकतारीवर गातात. दारोदार, गावोगाव गाऊन पोट भरलं, मग मोबाईलवरून त्यांचं गाणं घराघरात गेलं. त्या बऱ्याचदा दुसऱ्यांनी रचलेली गाणी गातात, पण त्यांची निवड बघा. पेटी नाही, बेंजो नाही, ठरलेली फिरत नाही. एक तार आणि आवाज. यादीचं गाणं त्या तारेवर दोन कडवी टिकणार नाही. तिथं माणूस असलेलंच गाणं उभं राहतं. तुम्हाला परीक्षा हवी होती ना, ही परीक्षा आहे.

लातूरकर : त्यांचं ऐकलंय. एकतारीवर चाल उघडी पडते, लपायला जागा नसते, हे अगदी खरं. तुमच्या आईची परीक्षाही माझ्या परीक्षेपेक्षा चांगली वाटते, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण मला साळव्यांकडं परत येऊ द्या, कारण नाव तुम्ही त्यांचं काढलं होतं. नामांतराचं गाणं हे मोर्चाचं गाणं. पोलीस समोर, लोक बिथरलेले, विधिमंडळाचा २७ जुलै १९७८ चा ठराव कागदावर पडून. त्या वेळी ते गाणं ठिणगी होतं. १९९४ नंतर? पाटी बदलली. ज्याच्यासाठी गाणं होतं ते घडून गेलं, पुरं म्हणा, अर्धं म्हणा. आता ते गाणं इतिहासाच्या अभ्यासकाला लागेल. रसिकाला ते का लागावं?

नांदेडकर : अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना' संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली छक्कड. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मग ती छक्कड का नाही सुकली? तुमच्या लातुरात १ ऑगस्टला, अण्णाभाऊंच्या जयंतीला, हलगीच्या कडकडाटात ती आजही म्हणतात, आणि म्हणणाऱ्या पोराला समितीचं नावही ठाऊक नसतं. कारण लढ्याच्या पोटात अण्णाभाऊंनी बायकोपासून तुटलेला माणूस ठेवला होता. लढा संपला, पण तुटणं संपलं नाही. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचा पोवाडाही असाच, प्रसंगासाठी रचलेला. प्रसंगाचं गाणं प्रसंगाबरोबर मरतं असा नियम नाही. काही मरतात, काही राहतात.

लातूरकर : मग साळव्यांचं कुठलं राहणार?

नांदेडकर : इथं मी अडते, आणि माझं सगळं बोलणं इथंच येऊन थांबतं. ते ठरवायला गाणं पुरं हातात हवं. मंडपात, मोर्चात साळव्यांना ऐकलेली माणसं आता साठीच्या पुढं गेली. त्यांना विचारायला जाते तेव्हा धृपद येतं, एक कडवं येतं, दुसऱ्यात शब्द विसरतात, तिसरं हुंदक्यात जातं. चाल विचारली तर दोघं दोन चाली म्हणतात. मी एकतारीची परीक्षा म्हटलं, ती तरी कशावर घेऊ? वामनदादांची गाणी पुस्तकांत आली, त्यांच्या मागं गाणारी माणसं उभी राहिली, १५ ऑगस्ट २०२२ ला त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा कार्यक्रम झाले. मधल्या फळीचे जे होते, जिल्ह्या-जिल्ह्यातले, तालुक्यातले, ज्यांनी स्वतः बांधून स्वतः गायलं, त्यांचं मोल करायला निघालं की हातात अर्धीच गाणी येतात. आणि जो अर्धा भाग जातो तो नेमका कुठला माहीत आहे? शेवटचं कडवं.

लातूरकर : नाममुद्रेचं.

नांदेडकर : हो. 'तुका म्हणे', 'एका जनार्दनी' ही एक वाट. दुसरी वाट गझलेच्या मक्त्याची. सिराज औरंगाबादी आपल्याच मुलखातला, शेवटच्या शेरात नाव गुंफायचा. आमच्या गायकांना दोन्ही वाटा माहीत होत्या. वामनदादा 'वामन' म्हणून शेवटी येतात. बाकीचेही येतात, आपापल्या नावानं. ज्या माणसाकडं सातबारा नव्हता, छापखाना नव्हता, त्याची मालकी सांगायची तेवढी एकच जागा होती. आता बघा काय होतं. कार्यक्रमात वेळ कमी पडला, काय गाळलं? शेवटचं कडवं. कॅसेटच्या काळात एका बाजूला गाणी जास्त बसवायची, काय गाळलं? शेवटचं. डीजेवर धृपद आणि पहिल्या कडव्याचा तुकडाच फिरत राहतो. दुसरा गायक गाणं घेतो, त्याला मधेच दुसऱ्याचं नाव घ्यायला अवघड वाटतं, तो ते कडवं सोडतो. कुणाचाही हेतू वाईट नसतो. पण गाणं लोकांत जातं आणि सहीचा कोपरा फाटून पडतो. मग तुम्ही मला म्हणता, ओवीला कुठं नाव असतं! ओवीला नाव नव्हतं, सर. याला होतं. ते गेलं.

लातूरकर : हे मी पहिल्यांदा असं ऐकतोय. माझं ओढ्याचं बोलणं थोडं मागं घेतो. पण थोडंच. नाममुद्रेवर फार विसंबू नका. 'तुका म्हणे' असलेले सगळे अभंग तुकोबांचे नाहीत, क्षेपकांचा वाद अजून मिटलेला नाही. ज्याचं नाव मोठं त्याच्या नावावर लोक आपलंही घालतात, प्रेमानं घालतात. खेड्यातल्या एखाद्या पोरानं चार कडवी रचली आणि शेवटी 'वामन' घातलं, म्हणजे लोक ऐकतील, तर? सही आहे, पण सही करणारा दुसराच. तुमचा सातबारा असा कच्चा आहे. तिथं नाव सापडलं म्हणून गाणं त्याचं, असं छातीठोक म्हणता येणार नाही.

नांदेडकर : म्हणत नाही. माझ्याजवळ त्याच्याही पुढची अडचण आहे, आणि खरं तर तेच विचारायला तुमच्याशी इतकं बोलले. आईची वही दोनशे पानी, रेघांची. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षर शिकली आणि पहिलं काम हे केलं. गायन पार्टी गावात आली की बायकांच्या बाजूला, दिव्याच्या खांबाजवळ जागा धरायची आणि उजाडेपर्यंत लिहायची. जो शब्द ऐकू आला नाही तिथं फुली. कडवं सुटलं तर चार रेघा कोऱ्या सोडायची, पुढच्या वर्षी पार्टी आली की भरून काढायची. काही कोऱ्या रेघा तशाच राहिल्यात. ही वही कंधारकडची. अलीकडं आमच्या एका पाहुण्यांकडून तशीच दुसरी मिळाली, अहमदपूरकडची, म्हणजे तुमच्या जिल्ह्यातली. दोन्हींत एक गाणं सारखं आहे. धृपद तेच. तीन कडवी अक्षराला अक्षर तीच. त्यात माणूस आहे सर, विहिरीवरची बाई आहे, आईनं त्या गाण्याखाली दोन रेघा ओढल्यात. चौथ्या कडव्यात आईच्या वहीत एक नाव आहे आणि अहमदपूरच्या वहीत दुसरं. दोघंही गायचे, दोघंही रचायचे, दोघंही आता नाहीत. दोन्ही घरं आहेत. दोन्हीकडं गेले. दोन्हीकडच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, आमच्या घरात झालंय हे गाणं, माझ्यासमोर झालंय. दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं. नावं मी तुम्हालासुद्धा सांगत नाही.

लातूरकर : दोन्ही पाठ शेजारी शेजारी छापा. पोथ्यांचे संपादक तेच करतात.

नांदेडकर : पोथीच्या दोन्ही लेखकांच्या विधवा वाचायला बसलेल्या नसतात. आणि शेजारी छापलं की वाचणारा काय म्हणेल? 'म्हणजे कुणाचंच नाही.' परत आलं ते, चळवळीचंय.

लातूरकर : मग चौथं कडवं सोडा. तीन छापा.

नांदेडकर : म्हणजे डीजेवाला करतो तेच मी वहीच्या कागदावर करू?

लातूरकर : नाही, नाही, ते चुकलं माझं. बरं, गाणं स्वतः काय सांगतं ते बघू. नाव चालीत कसं बसतं? रचणाऱ्यानं स्वतःचं नाव घालून बांधलेली ओळ आणि नंतर कुणी दुसरं नाव खुपसलेली ओळ, यात फरक राहतो. मात्रा कमी-जास्त होतात, यमक ओढावं लागतं, थाप नावाच्या भलत्याच अक्षरावर पडते. शब्दाला सांधा मारलेला असला की तो ऐकू येतो.

नांदेडकर : तेही करून पाहिलं. दोन्ही नावं चार-चार मात्रांची आहेत. दोन्ही चपखल बसतात. यमक नावाला नाहीच, पुढच्या शब्दाला आहे. मला तरी कुठंच सांधा ऐकू आला नाही.

लातूरकर : स्वर कुठले आहेत नावांत? नाव सांगू नका, नुसते स्वर सांगा.

नांदेडकर : एकात आ, आ. दुसऱ्यात आ, ई.

लातूरकर : आणि ओळीत नाव लांबवायच्या जागी येतं की पळत्या जागी?

नांदेडकर : लांबवायच्या. तिसऱ्या ओळीत, ढोलकी थांबते तिथं.

लातूरकर : मग आकारवालं सोयीचं पडतं. पण सोयीचं पडतं म्हणजे ते मूळचं, असंही नाही. दुसऱ्यानं गाताना सोयीसाठी बदललं असेल. आणि ज्याचं नाव ईकारी त्याला जन्मभर स्वतःचं नाव गायची सवय असणार, त्याला ते टोचलं नसेल. थांबा, पेटी काढतो. काळी चारच ना? दोन्ही म्हणून दाखवा, आधी आईच्या वहीतलं. आणि पहिल्या कडव्यापासून म्हणा, नुसतं चौथं नको.